दहा, दहा आणि पाच : टास्मानियातील 2010 च्या सत्तास्थापनेचा प्रकरण अभ्यास

ऑस्ट्रेलियातील बहुतेक राज्यांत सरकार बदलते ते इतक्या शांतपणे की त्याचा अभ्यास करावा असे कोणाला वाटत नाही. मतदान शनिवारी होते, रात्री दहाच्या सुमारास कल स्पष्ट होतो, हरलेला नेता जिंकलेल्याला फोन करून अभिनंदन करतो आणि काही दिवसांत राजभवनावर शपथविधी उरकतो. या सगळ्यात कायद्याचा भाग किती आणि रीतिरिवाजाचा किती, हे कोणी विचारत नाही, कारण विचारण्याची वेळ येत नाही. ती वेळ टास्मानियात मार्च-एप्रिल 2010 मध्ये आली. मावळत्या प्रीमियरने (म्हणजे राज्याच्या मुख्यमंत्र्याने) सत्ता सोडण्याची तयारी दाखवली, राज्यपालांनी ती मान्य केली नाही, आणि सरकार नेमके कोणाच्या शब्दावर बदलते हा प्रश्न तीन आठवडे लोंबकळत राहिला. या नोंदीत केवळ सार्वजनिक पदांवरील व्यक्तींची नावे घेतली आहेत. प्रक्रियेत वावरलेल्या अधिकाऱ्यांचा आणि कर्मचाऱ्यांचा उल्लेख गरज पडली तेथे कामानेच केला आहे.

पार्श्वभूमी

टास्मानिया हे सहा राज्यांतील सर्वांत लहान राज्य. लोकसंख्या 2010 मध्ये सुमारे पाच लाख आणि मतदार साधारण साडेतीन लाख, म्हणजे आपल्याकडील एखाद्या मोठ्या विधानसभा मतदारसंघाएवढे. त्यांना पंचवीस जणांचे कनिष्ठ सभागृह निवडायचे होते. पूर्वी ही संख्या पस्तीस होती. ती 1998 मध्ये पंचवीसवर आणण्यात आली, आणि त्या वेळी दोन्ही मोठ्या पक्षांचा हिशेब असा होता की जागा कमी झाल्या की लहान पक्षांना शिरकाव करणे अवघड जाईल. तो हिशेब पुढे कसा उलटला हे या प्रकरणात दिसतेच.

येथील निवडणूक पद्धत इतर राज्यांहून वेगळी आहे. 2010 मध्ये बास, ब्रॅडन, डेनिसन, फ्रँकलिन आणि लायन्स असे पाच मतदारसंघ होते, प्रत्येकातून पाच आमदार, आणि मतदान पसंतीक्रमाने. हेअर-क्लार्क या नावाने ही पद्धत ओळखली जाते. टास्मानियाचे महान्यायवादी अँड्र्यू इंग्लिस क्लार्क यांनी ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणली आणि 1909 पासून ती राज्यभर लागू आहे. महाराष्ट्रातील वाचकाला ती परकी वाटू नये, कारण विधान परिषदेच्या निवडणुकीत पहिल्या पसंतीची मते, कोटा, बाद फेरी आणि दुसऱ्या पसंतीची मते हे शब्द आपण दर वेळी वाचतोच. फरक इतकाच की आपल्याकडे ही कसरत आमदार किंवा पदवीधर-शिक्षक मतदार करतात आणि तिथे ती अठरा वर्षांवरील प्रत्येक नागरिक करतो. मतदान सक्तीचे असल्याने त्याला ती टाळताही येत नाही.

मतपत्रिका जवळून पाहण्यासारखी असते. प्रत्येक पक्षाचा एक स्तंभ, त्याखाली त्याच्या उमेदवारांची नावे, आणि 2010 मध्ये मतदाराने किमान एक ते पाच आकडे घालायचे होते. पण शेजारच्या मतदाराच्या हातातील पत्रिकेवर त्याच स्तंभातील नावे वेगळ्या क्रमाने छापलेली असतात. छपाईतच क्रम फिरवला जातो, जेणेकरून वरच्या नावाला आयते मत मिळू नये. परिणामी एकाच पक्षाचे उमेदवार एकमेकांविरुद्धही लढतात, आणि पक्षाने ठरवलेला लाडका उमेदवार पडून दुसराच निवडून येणे हे तिथे नवलाचे नसते. पाच जागांसाठी कोटा, म्हणजे निवडून येण्यास लागणारी मते, येत असे वैध मतांच्या एक षष्ठांशाहून एक मत अधिक, म्हणजे 16.7 टक्क्यांच्या आसपास. ज्या पक्षाला राज्यभर वीस-बावीस टक्के मते पडत त्याला प्रत्येक मतदारसंघात एक जागा जवळजवळ हक्काने मिळत असे.

राजकीय चित्र असे होते. लेबर पक्ष 1998 पासून सत्तेत होता आणि 2006 मध्ये त्याला चौदा जागा मिळाल्या होत्या. लिबरल पक्षाला सात आणि पर्यावरणवादी ग्रीन्सला चार. (लिबरल हा नावाने उदारमतवादी असला तरी ऑस्ट्रेलियात तो उजवीकडचा पक्ष.) मे 2008 मध्ये पॉल लेनन पायउतार झाले आणि डेव्हिड बार्टलेट प्रीमियर झाले. विरोधी पक्षनेते होते विल हॉजमन आणि ग्रीन्सचे नेते निक मॅकिम.

आणखी एक संदर्भ टास्मानियातील प्रत्येक राजकारण्याच्या मनात होता : 1989. त्या वर्षी लिबरलना सतरा, लेबरला तेरा आणि ग्रीन अपक्षांना पाच जागा मिळाल्या, आणि लेबर व ग्रीन अपक्षांनी लेखी करार केला. करार मोडावा म्हणून लॉन्सेस्टनच्या एका माध्यमसम्राटाने लेबरच्या आमदाराला पक्ष बदलण्यासाठी 1 लाख 10 हजार डॉलरची लाच देऊ केली. आमदाराने पोलिसांकडे तक्रार केली आणि देणाऱ्याला तुरुंगवास झाला. लिबरल प्रीमियर रॉबिन ग्रे यांनी राजीनामा न देता सभागृहाला सामोरे जाणे पसंत केले, ते अविश्वास ठरावावर हरले, आणि त्यांनी फेरनिवडणुकीची केलेली मागणी राज्यपालांनी नाकारून लेबरचे मायकल फील्ड यांना पाचारण केले. पुढे तो करार वनतोडीच्या वादात मोडला आणि 1992 मध्ये लेबरचा सडकून पराभव झाला. म्हणून 2010 मध्ये ग्रीन्सशी करार हे शब्द उच्चारायला दोन्ही मोठे पक्ष घाबरत होते.

समस्या कशी निर्माण झाली

प्रचारादरम्यान जनमत चाचण्या त्रिशंकू विधानसभेकडे बोट दाखवत होत्या, आणि पत्रकार दोन्ही नेत्यांना एकच प्रश्न विचारत होते : जागा समसमान आल्या तर काय करणार? बार्टलेट यांनी उत्तर दिले ते प्रामाणिकपणाचे वाटावे असेच होते. ज्या पक्षाच्या जागा जास्त त्याला आधी संधी, आणि जागा सारख्याच पडल्या तर ज्याची मते जास्त त्याला. ग्रीन्सशी सौदा करणार नाही, हेही त्यांनी बजावून सांगितले. हॉजमन यांचाही ग्रीन्सशी कोणत्याही सौद्याला नकारच होता.

मतदान झाले 20 मार्च 2010 रोजी. निकाल जणू परीक्षेसाठी मुद्दाम रचलेल्या गणितासारखा लागला : पाचही मतदारसंघांत लेबर दोन, लिबरल दोन, ग्रीन्स एक. एकूण दहा, दहा, पाच. मतांत लिबरल 39.0 टक्के, लेबर 36.9 टक्के आणि ग्रीन्स 21.6 टक्के.

हा निकाल त्या रात्री मात्र कळला नाही. टास्मानियात टपाली मते मतदानानंतर दहा दिवसांपर्यंत स्वीकारली जातात आणि ती आल्याशिवाय पसंतीचे वाटप सुरू होत नाही. सारा जीव टांगला होता तो डेनिसनच्या पाचव्या जागेवर. तिथे लिबरलच्या एलिस आर्चर आणि अपक्ष अँड्र्यू विल्की यांच्यात लढत लागली, आणि एकेक उमेदवार बाद होत, त्याच्या पत्रिका पुढच्या पसंतीच्या गठ्ठ्यात सरकत, शेवटी विल्की अवघ्या 315 मतांनी मागे पडले. ती 315 मते उलट पडली असती तर आकडे दहा, नऊ, पाच आणि एक असे झाले असते आणि हे प्रकरणच उद्भवले नसते. (विल्की यांनी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डेनिसनचीच केंद्रीय संसदेची जागा जिंकली आणि तिथल्या त्रिशंकू संसदेत ज्यूलिया गिलार्ड यांचे अल्पमतातील सरकार तारणाऱ्या मोजक्या सदस्यांत त्यांची गणना झाली. एखाद्याचे नशीब फिरते ते असे.)

आता बार्टलेट यांचा शब्द त्यांच्याच गळ्यात पडला. जागा समान होत्या, मते लिबरलची जास्त होती. लेबरच्या आमदारांनी सत्ता सोडण्याचा निर्णय घेतला आणि हॉजमन यांना पाचारण करावे असा सल्ला राज्यपालांना देण्याचे बार्टलेट यांनी जाहीर केले. वरवर पाहता प्रश्न मिटला होता. प्रत्यक्षात तो राजभवनाच्या दाराशी येऊन उभा राहिला होता.

राज्यपालांपुढील कायदेशीर चौकट

राज्यपाल होते पीटर अंडरवुड, राज्याचे माजी सरन्यायाधीश. ऑस्ट्रेलियातील राज्याचे राज्यपाल केंद्र सरकार नेमत नाही, हा मुद्दा भारतीय वाचकाने येथे थांबून लक्षात घ्यावा. 1986 च्या ऑस्ट्रेलिया कायद्यानुसार त्या राज्याचा प्रीमियरच थेट राजमुकुटाला सल्ला देतो आणि त्यानुसार नेमणूक होते; कॅनबेराचा त्यात हात नसतो. राज्यपाल दिल्लीचे की राज्याचे, हा आपल्याकडचा नेहमीचा संशय त्यामुळे तिथे उपजतच नाही. उलट अडचण निराळी असते : ज्याला हटवायचे की ठेवायचे हे ठरवायचे, त्याच्याच पक्षाच्या सरकारने बहुधा आपली शिफारस केलेली असते. अंडरवुड एप्रिल 2008 मध्ये, म्हणजे लेबरच्याच काळात, राज्यपाल झाले होते.

संसदीय संकेत साधे आहेत. निवडणुकीने प्रीमियरचे पद आपोआप जात नाही. तो राजीनामा देईपर्यंत किंवा सभागृहाने त्याच्यावर अविश्वास व्यक्त करेपर्यंत पदावर राहतो, आणि निकाल अस्पष्ट असेल तर सभागृहाला सामोरे जाण्याचा पहिला हक्क त्याचाच असतो. टास्मानियाच्या राज्यघटना कायद्यात मात्र एक कलम असे आहे की निवडणुकीचे आदेशपत्र निकालासह परत आल्यावर सात दिवसांत जुन्या मंत्र्यांची पदे संपतात. म्हणजे राज्यपालांना दिरंगाई करण्याची मुभा नाही. त्या मुदतीत कोणाला तरी नेमावेच लागते, आणि ते सभागृह भरण्याआधी. 2010 मध्ये आदेशपत्रे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात परत आली आणि घड्याळ सुरू झाले.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय सरळ होता : मावळत्या प्रीमियरचा सल्ला मानायचा, हॉजमन यांना शपथ द्यायची. लोकभावनेला तो पटणारा होता. बारा वर्षांचे सरकार कमकुवत झाले होते, विरोधकांची मते वाढली होती, आणि स्वतः हरणारा माणूसच हार मान्य करत होता. परंतु हॉजमन यांच्याकडे दहाच आमदार होते आणि बहुमताला तेरा लागत होते. ग्रीन्सचा त्यांना पाठिंबा नव्हता. बार्टलेट यांनी त्यांचे नाव सुचवले होते खरे, पण हॉजमन यांचे सरकार सभागृहात टिकू देऊ, अशी ठाम हमी त्या सल्ल्याबरोबर आलेली नव्हती. हे बारकाईने पाहिले तर चमत्कारिकच आहे : मी सरकार चालवत नाही, तुम्ही चालवा, पण तुमच्या बाजूने हात वर करेन असे मात्र सांगत नाही.

दुसरा पर्याय बार्टलेट यांना पुन्हा नेमून त्यांना सभागृहाला सामोरे जायला लावण्याचा होता. त्यांच्याकडेही दहाच होते. फरक एवढाच, पण तोच निर्णायक, की मॅकिम यांनी ग्रीन्सचे वजन लेबरच्या पारड्यात टाकले होते : लेबरचे सरकार आल्यास त्याचा अर्थसंकल्प अडवणार नाही आणि उगाच अविश्वास ठरावाला साथ देणार नाही. करार नव्हता, मंत्रिपदाची अट नव्हती, केवळ आश्वासन होते. पण ते पंधरा हातांचे आश्वासन होते.

तिसरा पर्याय फेरनिवडणुकीचा. त्याचा कोणीही गांभीर्याने आग्रह धरला नाही, आणि तो धरण्यासारखाही नव्हता; नव्या सभागृहाची एकही बैठक न होता मतदारांना परत पाठवणे म्हणजे त्यांनी दिलेले उत्तर न वाचताच प्रश्नपत्रिका पुन्हा हाती देणे. चौथी शक्यता, दोन मोठ्या पक्षांनी एकत्र येण्याची, कागदावर वीस जागांची होती आणि कागदावरच राहिली.

निर्णय

अंडरवुड यांनी दोन्ही नेत्यांशी चर्चा केली आणि बार्टलेट यांनाच पुन्हा नेमले. 9 एप्रिल 2010 रोजी त्यांनी आपली कारणे लेखी प्रसिद्ध केली. राज्यपालाने सरकार स्थापनेच्या निर्णयाची कारणमीमांसा अशी जाहीरपणे मांडणे ही असामान्य गोष्ट होती. माजी न्यायाधीशाची सवय त्यात दिसते. निकाल द्यायचा तर निकालपत्रही द्यायचे.

त्यांच्या कारणांचा गाभा तीन मुद्द्यांत सांगता येतो. कोणत्या पक्षाला एकूण किती मते पडली याला सरकार स्थापनेत घटनात्मक महत्त्व नाही. महत्त्व आहे ते सभागृहाच्या विश्वासाला. राजकीय नेत्यांनी निवडणुकीआधी दिलेल्या वचनांनी राज्यपालाचे कर्तव्य ठरत नाही. आणि मावळत्या प्रीमियरला सरकार दुसऱ्याच्या हाती सोपवण्याचा अधिकार नसून, सरकार बनवून त्याची ताकद सभागृहात अजमावू देण्याचे घटनात्मक कर्तव्य आहे.

या निर्णयावर टीका झाली, आणि ती केवळ हरलेल्यांची कुरकुर नव्हती. मतदारांपैकी काहींनी बार्टलेट यांचा शब्द खरा मानूनच मत दिले असेल, मग त्या शब्दाला शून्य किंमत कशी, हा प्रश्न रास्त आहे. माझे मत असे की राज्यपालांचा निर्णय बरोबर होता, पण मतांना महत्त्व नाही हे विधान जितक्या कोरडेपणाने आले तितके येण्याची गरज नव्हती. मतांना महत्त्व आहे. ते जागांमधून व्यक्त होते, जागांपलीकडे नाही, एवढेच म्हणायचे होते.

टास्मानियात मतदान झाले त्याच दिवशी, म्हणजे 20 मार्च 2010 रोजी, साउथ ऑस्ट्रेलियातही मतदान झाले होते. तिथे एकेक सदस्याचे 47 मतदारसंघ आहेत. दोन प्रमुख पक्षांत मतांची विभागणी पाहिली तर लेबरला 48.4 टक्के, म्हणजे निम्म्याहून कमी, पण जागा 26, म्हणजे स्पष्ट बहुमत. माइक रॅन प्रीमियरपदी कायम राहिले आणि त्यांनी कमी मतांमुळे खुर्ची सोडावी असे कोणी गंभीरपणे म्हटले नाही. दोन राज्यांतला हा विरोधाभास बार्टलेट यांच्या वचनातील कच्चा दुवा उघडा पाडतो : जास्त मते हा निकष कोणत्याही ऑस्ट्रेलियन राज्याने सरकार ठरवण्यासाठी कधी स्वीकारलेलाच नाही. तो त्यांनी प्रचारात स्वतःसाठी तयार केला आणि मग स्वतःच त्यात अडकले.

आपल्याकडे नोव्हेंबर 2019 मध्ये पहाटेचा शपथविधी झाला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयानेही अखेर सभागृहातील चाचणीचाच आदेश दिला. दोन्हीकडचे मूळ एकच ब्रिटिश संसदीय परंपरेचे. टास्मानियात न्यायालयापर्यंत जावे लागले नाही, कारण राज्यपालांची कारणे त्याच आठवड्यात छापून सर्वांच्या हाती होती आणि ती पटोत न पटोत, वाचता तरी येत होती.

निर्णयानंतर काय घडले

नेमणूक झाल्यावर बार्टलेट यांच्यापुढे नवा पेच होता. ग्रीन्सच्या बाहेरच्या आश्वासनावर चार वर्षे काढायची, की त्यांना आत घ्यायचे? एप्रिल संपण्यापूर्वीच त्यांनी दुसरा मार्ग धरला. निक मॅकिम मंत्री झाले आणि ऑस्ट्रेलियात ग्रीन्सच्या नेत्याने मंत्रिपद भूषवण्याची ती पहिली वेळ ठरली. कॅसी ओ'कॉनर यांना आधी मंत्रिमंडळाच्या सचिवपदी घेतले आणि त्याच वर्षी पुढे त्याही मंत्री झाल्या. सौदा करणार नाही असे सांगून निवडणूक लढवलेल्या पक्षाने सहा आठवड्यांच्या आत सत्तेत भागीदार घेतला, ही गोष्ट विरोधकांनी पुढची चार वर्षे मतदारांना विसरू दिली नाही.

सरकार मात्र टिकले, आणि हे या प्रकरणातील दुर्लक्षित सत्य आहे. बार्टलेट यांनी जानेवारी 2011 मध्ये कुटुंबाला वेळ देण्याचे कारण सांगून राजीनामा दिला आणि लारा गिडिंग्ज राज्याच्या पहिल्या महिला प्रीमियर झाल्या. या बदलात निवडणूक लागली नाही. पक्षाने नेता बदलला, सभागृहातील आधार तोच राहिला, राज्यपालांनी नवी नेमणूक केली. शिक्षणमंत्री म्हणून मॅकिम यांच्यावर 2011 मध्ये काही शाळा बंद करण्याचा प्रस्ताव पालकांच्या रोषामुळे मागे घेण्याची पाळी आली. वनतोडीचा जुना वाद नव्या करारांतून हाताळला गेला आणि पुन्हा पेटला. जानेवारी 2014 मध्ये, निवडणूक तोंडावर असताना, गिडिंग्ज यांनी ग्रीन्सच्या मंत्र्यांना बाहेर काढले. उशीर झाला होता. 15 मार्च 2014 च्या निवडणुकीत लिबरल पंधरा, लेबर सात, ग्रीन्स तीन असा निकाल लागला. हॉजमन यांना चार वर्षांपूर्वी न मिळालेली खुर्ची त्याच महिन्याच्या अखेरीस मिळाली, आणि या वेळी राज्यपालांना कारणे लिहावी लागली नाहीत. शपथ देणारे अंडरवुडच होते. त्याच वर्षी जुलैमध्ये पदावर असतानाच त्यांचे निधन झाले.

निर्णयाचे टप्पे, आणि वेगळे काय करता आले असते

या प्रकरणात सर्वांत महागडा निर्णय मतदानाआधीच झाला होता. प्रचारातील एका प्रश्नाला उत्तर देताना बार्टलेट यांनी जे आपले नव्हते ते देऊ केले. प्रीमियर स्वतःचा राजीनामा देऊ शकतो. पुढचा प्रीमियर कोण हे तो देऊ शकत नाही, तो फक्त सुचवू शकतो, आणि तेही सुचवलेला माणूस सभागृहात तगेल असे दिसत असेल तरच त्या सूचनेला वजन येते. निकाल काहीही लागो, मी सभागृहाला सामोरा जाईन आणि तिथे जे ठरेल ते मानीन, एवढे म्हटले असते तरी लोकांना ते पुरेसे सभ्य वाटले असते आणि नंतर शब्द मोडल्याचा ठपका आला नसता. हे उत्तर प्रचारात दुबळे वाटते हे खरे. पण त्या पदावरच्या माणसाने दुबळे वाटण्याची तयारी ठेवावी लागते.

दुसरी चूक हॉजमन यांची, आणि तिच्याकडे टीकाकारांचे लक्ष कमी गेले. समोरचा सत्ता सोडतो म्हणतो आहे म्हटल्यावर ती आपल्याकडे येईलच असे त्यांच्या गोटाने गृहीत धरले. सल्ला आणि पाठिंबा यांतला फरक त्यांनी लेबरकडून लेखी मागून घ्यायला हवा होता : एक वर्ष अर्थसंकल्प अडवणार नाही, सबळ कारणाशिवाय अविश्वास ठराव आणणार नाही. ग्रीन्सशी बोलण्याचाही मार्ग होता. लिबरल पक्षाने 1996 ते 1998 या काळात टोनी रंडल यांच्या नेतृत्वाखाली ग्रीन्सच्या आधाराने अल्पमतातील सरकार चालवले होते, म्हणजे तो त्यांना अनोळखी नव्हता. राजभवनात जाताना हातात तेरा नावे नसली तरी निदान तेरा जण विरोधात जाणार नाहीत याचा कागद लागतो. तो नव्हता.

राज्यपालांच्या बाजूने काय वेगळे करता आले असते? सात दिवसांच्या कलमामुळे त्यांचे हात बांधलेले होते, त्यामुळे सभागृह आधी भरवून मग नेमणूक करणे शक्य नव्हते. येथे कॅनबेराच्या राजधानी प्रदेशाची पद्धत पाहण्यासारखी आहे. तिथेही निवडणूक हेअर-क्लार्क पद्धतीनेच होते, पण मुख्यमंत्र्याची निवड विधानसभा स्वतः मतदानाने करते. मध्ये राज्यपाल नाही, सल्ला नाही, वचनांचा अर्थ लावणे नाही. टास्मानियाने नेमणुकीपूर्वी असे एक मतदान ठेवले तर 2010 सारखा पेच सभागृहातच, सर्वांच्या देखत, एका दुपारी सुटेल. सात दिवसांचे कलम त्यासाठी सैल करावे लागेल, आणि तेवढी किंमत मला जास्त वाटत नाही.

राज्याने प्रत्यक्षात केले ते वेगळे. सभागृह 2024 च्या निवडणुकीपासून पुन्हा पस्तीसचे झाले, प्रत्येक मतदारसंघातून सात आमदार. कोटा साडेबारा टक्क्यांवर आला, लहान पक्षांची आणि अपक्षांची वाट रुंदावली, आणि त्रिशंकू सभागृह हा अपवाद न राहता नेहमीची गोष्ट होऊ लागली. जून 2025 मध्ये लिबरल प्रीमियर जेरेमी रॉक्लिफ अविश्वास ठरावावर अध्यक्षांच्या निर्णायक मताने, 18 विरुद्ध 17 असे, हरले. 19 जुलैला मुदतपूर्व निवडणूक झाली आणि निकाल आला लिबरल चौदा, लेबर दहा, ग्रीन्स पाच, उरलेले सहा अपक्ष व लहान पक्षाचे. बहुमताला अठरा लागत होते आणि ते कोणाकडेच नव्हते. राज्यपाल बार्बरा बेकर यांनी ऑगस्टमध्ये पदावरील प्रीमियरलाच पुन्हा नेमले, आणि आपली कारणे जाहीर केली. या वेळी कोणी मतांच्या बेरजेवर खुर्ची सोडण्याचे वचन दिलेले नव्हते. लेबरने 19 ऑगस्टला सभागृह भरताच अविश्वास ठराव आणला, तो मोठ्या फरकाने फेटाळला गेला, आणि दुसऱ्याच दिवशी लेबरने आपला नेता बदलला.